ढोलकीवाल्याचे वर्ष

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाली, की आमच्या बागलाणात रब्बीची लगबग सुरू होते. मोसम नदीच्या काठी नामपूरच्या शिवारात कांद्याची रोपे टाकली जातात आणि बायामाणसे पहाटेपासून रानात दिसू लागतात. त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी एक हंगाम उभा राहतो. तो शेतात दिसत नाही, रस्त्यावर दिसतो. मोठ्या रंगीत अक्षरांत नाव लिहिलेल्या मालमोटारी एकामागून एक जातात. त्यांत तंबूचे खांब, कनातींची गाठोडी, कपड्यांच्या पेट्या आणि स्वयंपाकाची भांडी रचलेली असतात, आणि त्या सामानाला अंग टेकून माणसे पेंगत असतात. हा तमाशाचा फड होय.

'फड' हा शब्द आमच्याकडील मुलांना निराळ्या अर्थाने ठाऊक असतो. मोसम आणि आरम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर, एका पाटाखाली येणाऱ्या आणि एका वेळी एकच पीक घेणाऱ्या शेतांच्या पट्ट्याला फड म्हणतात. तोडणी चाललेल्या उसाच्या शेताला फड म्हणतात आणि कुस्त्यांचाही फडच रंगतो. पुष्कळ माणसे मिळून जेथे एक काम पार पाडतात, तेथे मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द येतो, असे दिसते. तमाशाच्या मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. त्यांत नर्तकी असतात, गायिका असतात, राजा-प्रधानाची सोंगे घेणारे असतात, लोकांना हसवणारा सोंगाड्या असतो आणि तंबू ठोकणारे बिगारीही असतात. घरी परतणाऱ्या प्रेक्षकाला सोंगाड्याचे नाव आठवते, नर्तकीचे आठवते. मागच्या बाजूस कमरेला ढोलकी बांधून रात्रभर उभा असणाऱ्या माणसाचे नाव मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आपण या पाठात त्याच्याबरोबर वर्षभर हिंडणार आहोत.

तमाशाचे मुख्य प्रकार दोन. 'संगीत बारी' ही एका थिएटरात राहून, पेटी-तबल्याच्या साथीने गाणारी मंडळी होत. दुसरा 'ढोलकी फडाचा तमाशा'. तो गावोगाव फिरतो. त्याची जुनी वाद्ये चारच होती : ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज. चारही वाद्ये काखेत मारून चालत जाता येईल अशी आहेत. ज्या काळी मोटारी नव्हत्या आणि फड बैलगाडीने किंवा पायी जात, त्या काळातील शहाणपण या निवडीत आहे.

ढोलकी कशी असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. शिसवासारख्या टणक लाकडाचा ओंडका आतून पोखरून तिचे खोड तयार करतात. दोन्ही तोंडांवर बकऱ्याच्या कातड्याची पाने चढवितात. लहान तोंडाच्या पानावर तबल्याप्रमाणे शाईचा काळा गोल असतो; त्यातून खणखणीत, उंच नाद निघतो. मोठ्या तोंडाच्या पानाला आतून चिकट लेप दिलेला असतो. त्यामुळे त्याचा आवाज खोल आणि घुमारदार येतो. त्या बाजूस 'धूम' म्हणतात. दोन्ही पाने सुती दोरीने एकमेकांशी ताणलेली असतात आणि दोरीतील लोखंडी कड्या सरकवून स्वर चढविता-उतरविता येतो. अलीकडे दोरीच्या जागी नट-बोल्टही आले आहेत. हलगी म्हणजे एका कड्यावर एकाच बाजूने कातडे बसविलेले लहानसे वाद्य. तुणतुण्याला तर एकच तार. तिच्यावर गाणे वाजत नाही, पण गाणाऱ्याचा स्वर भरकटू न देण्याचे काम ती करते.

आता या वाद्यांचा शत्रू कोण, ते सांगतो. तो म्हणजे दव! कातडे हवेतील ओल शोषून घेते, ओले कातडे सैल पडते आणि सैल कातड्याचा स्वर उतरतो. तमाशा उघड्या माळावर, रात्री आणि बहुधा थंडीत असतो. मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा करणाऱ्या मामलेदाराची ही यात्रा. त्या दिवसांत आरम नदीकाठची थंडी अशी असते, की मध्यरात्रीनंतर प्रेक्षकांची घोंगडीही दमट लागतात. अशा वेळी रंगमंचामागे एक लहानसा जाळ केलेला दिसतो. तो केवळ हात शेकण्यासाठी नसतो. हलगीवाला आपली हलगी त्या जाळावर धरतो, फिरवतो, बोटाने टिचकी मारून ऐकतो आणि पुन्हा धरतो. जास्त तापली तर कातडे तडकते, कमी तापली तर ती 'बोलत' नाही. ढोलकीवाल्याला दोन गाण्यांच्या मधल्या एवढ्याशा वेळात कड्या ठोकून स्वर मिळवावा लागतो. ज्या स्वरात गायिका उभी आहे, त्याच स्वरात ढोलकी बोलली पाहिजे. प्रेक्षकांना यातले काही कळत नाही, आणि कळू नये यातच वादकाची करामत आहे.

खेळाचा आरंभ वादकांकडूनच होतो. पडदा वर गेला, की आधी बोलणे नाही, नाच नाही. ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी लागते. ढोलकी एक तुकडा वाजविते आणि थांबते. हलगी त्याला उत्तर देते. प्रश्न लांबत जातात, उत्तरे अवघड होत जातात, लय चढते आणि शेवटी दोघेही एकाच ठोक्यावर येऊन थांबतात. पूर्वी ध्वनिक्षेपक नव्हते, तेव्हा हा नाद ऐकूनच वाड्या-वस्त्यांवरची माणसे कंदील घेऊन निघत. तमाशा सुरू झाला, हे सांगण्यासाठी दवंडीची गरज पडत नसे.

त्यानंतर गणेशाचे स्तवन, म्हणजे 'गण' होतो. मग कृष्ण, पेंद्या आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी यांची 'गौळण' येते. मग लावण्या, आणि शेवटी 'वग', म्हणजे नाटक. लावणीच्या वेळी ढोलकीवाल्याची दृष्टी नर्तकीच्या पावलांवर खिळलेली असते. तिने कोणता तोडा उचलला, कोठे गिरकी घेतली, कोठे थांबली, हे त्याला क्षणभर आधी कळावे लागते. वगात तर त्याला निराळेच काम असते. राजा येतो, तेव्हा ढोलकी डौलाने वाजते. चोर दबकत येतो, तेव्हा बोटांच्या टोकांनी ती कुजबुजते. घोडा दौडतो, तलवारीचा वार होतो, सोंगाड्याच्या पाठीत रट्टा बसतो. घोडा, तलवार आणि रट्टा या तिन्ही गोष्टी ढोलकीतच असतात. सोंगाड्या मध्येच दोन वाक्ये अहिराणीत बोलला, की आमच्याकडील माळ हशाने दुमदुमतो, आणि तो हशा ओसरेपर्यंत ताल धरून ठेवण्याची जबाबदारीही वादकाचीच असते.

ही कला जुनी आहे. पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांच्या लावण्यांना याच वाद्यांची साथ होती. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनी गावचे कुलकर्णीपण सोडून तमाशा धरला. पण फडातील बहुतेक वादक महार व मातंग या समाजांतून आलेले होते. त्या काळच्या समाजाने त्यांना अस्पृश्य ठरविले होते. ज्या हलगीवर सारे गाव रात्रभर डोले, ती वाजविणाऱ्याला सकाळी त्याच गावच्या विहिरीचे पाणी भरता येत नसे. तहान लागली तर ओंजळ पुढे करावयाची आणि वरून कोणी पाणी ओतील त्याची वाट पाहावयाची. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तमाशाचा इतिहास वाचताना टाळ्यांबरोबर ही गोष्टही वाचली पाहिजे. टाळ्या वाजविणारे आणि पाणी नाकारणारे हात वेगळे नव्हते.

खेळ संपला तरी वादकाची रात्र संपत नाही. पूर्वी तमाशा पहाटेपर्यंत चाले आणि भैरवी होताना उजाडू लागे. (दुसऱ्या दिवशी वर्गात कोण कोण जांभया देतो, यावरून आम्हा शिक्षकांना जत्रेची हजेरी न विचारता कळे.) २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी घातली, वर्षातील काही ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. झोपणाऱ्या आजाऱ्यांचा आणि अभ्यास करणाऱ्या मुलांचा विचार करता नियम योग्यच आहे. पण रात्रभर पसरलेला वग दोन-तीन तासांत बसविताना फडांची फार ओढाताण झाली, हेही खरे. खेळ संपला, की कनाती उतरतात, खांब निघतात आणि मालमोटारी भरल्या जातात. ढोलकी मात्र सामानात जात नाही. ती कापडात गुंडाळून वादक स्वतःजवळ घेतो. हातपाय पसरायला जागा नसली तरी ढोलकीला जागा असते. मुक्कामी पोहोचले, की नदीवर आंघोळ, तीन दगडांची चूल, भाकरी, आणि राहुटीत किंवा मालमोटारीच्या सावलीत मिळेल तेवढी झोप. सायंकाळी पुन्हा नवे गाव. दसऱ्यापासून वैशाखातील बुद्ध पौर्णिमेपर्यंत सुमारे सात महिने हाच क्रम. काही कलावंतांची मुले आईबापांबरोबर फिरतात. काही गावी आजी-आजोबांजवळ राहून शाळेत जातात आणि घरातली दिवाळी आईवडिलांवाचून करतात.

फडाच्या मिळकतीची रीत समजून घेतली पाहिजे, कारण वादकाचे सुखदुःख तिच्यात आहे. हंगामाच्या पहिल्या भागात फड तंबू ठोकून तिकिटावर खेळ करितो. लोक आले तर गल्ला भरतो. अवकाळी पाऊस आला तर तंबू रिकामा राहतो आणि शंभर माणसांचे जेवण मात्र चुकत नाही. पाडव्यानंतर गावोगावच्या जत्रा येतात. त्या वेळी गाव ठरावीक रक्कम देऊन खेळ बांधून घेतो. यास 'सुपारी' म्हणतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे मोठे ठिकाण आहे. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावांचे पंच येतात, फडमालकांशी बोलणी करितात आणि विसार देऊन जातात. जत्रेत रात्री खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'हजेरी' असते. ज्या वादकाने रात्री दोनला ढोलकी खाली ठेवली, त्यालाच सकाळी उन्हात ती पुन्हा कमरेला बांधावी लागते.

वादकाला पैसे मिळतात ते फडमालकाकडून. पावसाळ्यात खेळ नसतो, पण घर चालवावेच लागते. म्हणून तो पुढील हंगामाच्या मजुरीपैकी काही रक्कम आधीच घेतो. तिला 'उचल' म्हणतात. मग सात महिने वाजवून ती फेडावयाची. घरात आजार निघाला, लग्न निघाले, तर उचल वाढते आणि एका हंगामात फिटत नाही. फडमालकही बहुधा कर्जानेच पैसा उभा करितो. अशा रीतीने सर्वांचा भार येऊन पडतो तो चैत्र-वैशाखातील जत्रांवर.

२०२० साली गुढी पाडवा २५ मार्चला होता. करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशी. जत्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या. पुढच्या वर्षी, २०२१ मध्येही जत्रा भरल्या नाहीत. उचल घेतलेली होती, ती फेडण्याची वाटच बंद झाली. कित्येक वादक शेतमजुरीला गेले, कोणी भाजी विकली. ज्या बोटांनी हलगी बोलती केली, त्यांनी कांदे खांडले. शेतमजुरीत कमीपणा नाही. पण वाद्याचा हात रोज न चालविला तर जड होतो, आणि दोन वर्षे हा काळ थोडा नव्हे.

यापूर्वीही अडचणी आल्या होत्या. चित्रपट आला, तेव्हा तमाशा संपला असे पुष्कळांना वाटले. झाले उलटेच. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' आणि १९७२ चा 'पिंजरा' हे चित्रपट तमाशावरच उभे राहिले, आणि त्यांतील गाणी परत फडात आली. आता प्रेक्षक ताज्या चित्रपटातील गाणी मागतात. म्हणून फडात बँजो, कीबोर्ड, ड्रम, ऑक्टोपॅड आले आहेत. वादकाने जुनी गौळणही वाजवावी आणि मागच्या आठवड्यातले गाणेही, अशी अपेक्षा असते. काही जाणत्यांना ही भेसळ आवडत नाही. माझे मत असे, की पोट ज्याचे त्याला विचारल्यावाचून हा निवाडा करू नये. गण-गौळण मात्र ढोलकीवरच व्हावी.

मानसन्मानही या कलेच्या वाट्याला आले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि २००२ मध्ये त्या वारल्या. आता राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, आणि वृद्ध कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजनाही आहे.

बुद्ध पौर्णिमेला फड सुटतो. हिशेब होतात, माणसे आपापल्या गावी पांगतात. ढोलकीवाला घरी आला, की पहिल्यांदा तिच्या कड्या उतरवून दोऱ्या सैल करितो, कारण ताणलेले पान पावसाळी हवेत फार दिवस टिकत नाही. मग ती कापडात बांधून आढ्याजवळ, चुलीच्या उबेला टांगली जाते. मृगाचा पाऊस पडतो, पेरण्या होतात. भाद्रपद सरत आला, की फडमालकाचा निरोप येतो आणि तालमी सुरू होतात. ढोलकी खाली उतरते. जुने पान काढून नवे चढवितात, दोऱ्या भिजवून ओढतात, कड्या ठोकतात. पहिले दोन दिवस नवे पान नीट बोलत नाही.