'तोच हा' कसें ओळखावें?

गेल्या वर्षीं माझ्या उजव्या फुप्फुसांत एक बारीक ठिपका असल्याचें सीटी स्कॅनमध्यें दिसून आलें. सहा महिन्यांनीं पुन्हां चित्र घेण्यांत आलें. प्रश्न एवढाच होता कीं, ठिपका वाढला कीं नाहीं? पण दोन चित्रें शेजारीं ठेवून उत्तर मिळेना. पहिल्या वेळीं मीं श्वास भरपूर घेतला होता, दुसऱ्या वेळीं खोकल्यामुळें अर्धाच. फुप्फुस म्हणजे कांहीं दगड नव्हे. श्वासासरशी त्याचा प्रत्येक भाग निरनिराळ्या प्रमाणांत सरकतो. तेव्हां एक चित्र नुसतें फिरवून दुसऱ्यावर बसत नाहीं. तें ठिकठिकाणीं कमीअधिक ताणावें लागतें.

आपल्या शास्त्रकारांचें प्रत्यभिज्ञेचें उदाहरण वाचकांस ठाऊक असेलच. पूर्वीं एके ठिकाणीं पाहिलेला देवदत्त पुढें अन्यत्र भेटला, तर वेष बदलला असतांहि 'तोच हा' अशी ओळख पटते. तशाच ओळखीच्या खुणा चित्रांत शोधावयाच्या. रक्तवाहिन्या व श्वासनलिका जेथें दुभंगतात, तीं स्थानें या कामीं उत्तम. श्वास कमीजास्त झाला तरी फांटा हा फांटाच राहतो. अशा फांट्यांच्या जोड्या जुळविल्या, कीं मधला भाग त्यांच्या अनुरोधानें संगणकाला बसवितां येतो.

१९१७ सालीं डार्सी टॉमसन या प्राणिशास्त्रज्ञानें माशाच्या चित्रावरील चौकटींच्या रेघा वांकवून दुसऱ्या जातीच्या माशाची आकृति साधून दाखविली होती. पातळ पत्रा ठराविक बिंदूंवर रोंवून धरला असतां इतरत्र तो कमींतकमी वांकतो. या नियमानें खुणांवरून आकृति वांकविण्याची गणिती रीत फ्रेड बुकस्टाइन यांनीं १९८९ सालीं मांडली.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. खुणांचा आधार न घेतां, काळ्यावर काळें व पांढऱ्यावर पांढरें बसलेंच पाहिजे या हट्टानें चित्र हवें तसें ताणलें, तर वाढलेला ठिपकाहि आक्रसून पहिल्याएवढा होईल! जो फरक पाहावयाचा, तोच पुसला जाईल. उलट एखादी खूण चुकीची जुळली, तर भोंवतालचा भाग तिच्यामागें भलतीकडे ओढला जातो. श्लोकाच्या अन्वयांत विशेषण भलत्याच विशेष्याला जोडलें म्हणजे सारा अर्थ बिघडतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून खुणा ठिपक्याच्या भोंवतीं घ्याव्या, ठिपक्यावर नव्हे. आणि निःसंशय तेवढ्याच घ्याव्या.

शिवाय जुळणीची परीक्षा राखून ठेवलेल्या निराळ्या खुणांवर करावी. शिकविलेलींच उदाहरणें परीक्षेंत घालणारा मास्तर स्वतःलाच फसवितो. अमेरिकेंतील संशोधकांनीं अशा परीक्षेसाठीं १० रोग्यांच्या श्वासोच्छ्वासाच्या चित्रांत प्रत्येकीं ३०० जोड्या नोंदवून सर्वांस खुल्या केल्या आहेत.

माझा ठिपका, चित्रें नीट जुळविल्यावर, होता तेवढाच निघाला. वर्षानें पुन्हां पाहावयाचें आहे. वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, स्कॅनच्या वेळीं सांगतील तसा श्वास रोखावा, आणि जुना अहवाल तेवढा न ठेवतां मूळ चित्रेंहि जपून ठेवावीं. तीं नसतील तर 'तोच हा' असें म्हणावयाचें तरी कशावरून?