रायतूरचा इंग्रज

रेडीच्या यशवंतगडावर इंग्रज दोनदा चालून आले. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातला कॅप्टन जॉन वॉटसन यांनी सावंतवाडीच्या सावंतांकडून गड घेतला. तो परत देण्यासाठी रक्कम एवढी मागितली की वाडीकरांना वेंगुर्ले तेरा वर्षांसाठी सावकाराकडे गहाण टाकावे लागले. १८१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा फौज आली, गड पडला आणि सावंतवाडी संस्थानाने इंग्रजांचे वर्चस्व कबूल केले. हे इंग्रज आपल्याला माहीत आहेत. ते पैसा आणि मुलूख मागायला आले होते.

त्यांच्याही पावणेदोनशे-दोनशे वर्षे आधी, तेरेखोलच्या खाडीपलीकडे आणखी दक्षिणेला, एक इंग्रज येऊन राहिला होता. भारतात कायमचा स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचे नाव घेतात. गोव्याच्या साष्टीत त्याने चाळीस वर्षे काढली, तिथेच देह ठेवला आणि मागे मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या ठेवल्या. तो म्हणजे ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स.

गंमत अशी की इंग्लंडने त्याला पाठवले नव्हते. तो तिथून निसटला होता. विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावी १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. बाप लंडनचा व्यापारी. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक मित्राबरोबर त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन हा काही काळ फिरला. पाउंडला पकडले, आणि स्टीफन्सने रोम गाठून १५७५ मध्ये जेझुइट पंथात प्रवेश घेतला. हिंदुस्थानात जायचे तर पोर्तुगीज जहाजाशिवाय वाट नव्हती. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे सुटली, त्यांतल्या एकावर तो होता. गोव्याला पोहोचला २४ ऑक्टोबरला.

पोहोचल्यावर पंधरवडा-तीन आठवड्यांत त्याने वडिलांना पत्र लिहिले. इंग्रजी प्रवासवाङ्मयात ते गाजले, कारण हॅक्लुइट नावाच्या संग्राहकाने ते छापले. त्यात वारे, प्रवाह, शार्क मासे, केपजवळचे पक्षी, सगळे आहे. लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, त्या कापून काढाव्या लागत; त्याच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. आणि मग, एखादा पाहुणा घरी खुशाली कळवतो त्या सुरात, इथे प्यायला चांगले पाणी मिळते, नाहीतर माडाची माडी, असेही तो सांगतो. आपल्या माडाची माडी विल्टशायरच्या माणसाच्या पत्रातून लंडनला पोहोचली, याचे मला अजून कौतुक वाटते.

तो ज्या साष्टीत आला तिथे नुकतेच काय घडले होते, हे मात्र या कौतुकात विसरून चालणार नाही. गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षण, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले होते. १५६७ च्या आसपास साष्टीतली देवळे एकामागून एक पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रूजला नेऊन ठेवावी लागली. त्या काळी गोव्यात पोर्तुगिजांची हद्द बार्देश, तिसवाडी आणि साष्टी एवढीच होती. पेडणे पुढे १७८८ मध्ये त्यांच्याकडे गेले, तेरेखोल १७४६ मध्ये. आमची रेडी तेव्हा आदिलशाहीत होती. आजही सिंधुदुर्गातली कितीतरी घरे कुळाचा देव म्हणून मंगेशी-कवळ्याला जातात, तो त्या पाडापाडीचाच माग आहे.

१५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला रुडोल्फ अक्वाविवाही होता. मृतदेह परत मिळवून आणण्याचे काम स्टीफन्सने केले. पोर्तुगिजांनी या हत्यांचा सूड कसा घेतला? गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीला बोलावले आणि तिथेच मारले. स्टीफन्सचे पुराण लिहिले गेले ते अशा मुलुखात.

त्याच वर्षाच्या अखेरीस चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले: जॉन न्यूबरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या लीड्स आणि चितारी स्टोरी. होर्मुझला पोर्तुगिजांनी हेर समजून त्यांना पकडले होते. देशाचा शत्रू ठरलेल्या स्टीफन्सने खटपट करून जामिनावर त्यांची सुटका करवली. स्टोरी गोव्यातच लग्न करून राहिला. बाकीचे तिघे पुढच्या वर्षी पळाले ते बेळगाव-विजापूरच्या वाटेने. फिच १५९१ मध्ये लंडनला पोहोचला, आणि ईस्ट इंडिया कंपनी उभी करणाऱ्यांना त्याच्या माहितीचा उपयोग झाला. कंपनीला सनद मिळाली १६०० च्या शेवटच्या दिवशी. म्हणजे रेडीवर चालून आलेल्या कंपनीच्या जन्मकथेत या पाद्रीबाबाचाही थोडा हातभार आहे. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

स्टीफन्सचे खरे काम रायतूरला झाले. पोर्तुगीज ज्याला राशोल म्हणतात ते हे गाव. जुवारीकाठच्या त्याच्या विद्यालयाची वास्तू अजून उभी आहे. क्रिस्तपुराण तिथे १६१६ मध्ये छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत उतरल्या. देवनागरीत छापण्याची त्याला फार इच्छा होती आणि रोमला त्याने १६०८ मध्ये तसे कळवलेही होते. पण ते झाले नाही. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माआधीपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अध्यायांना तो ‘अवस्वरू’ म्हणतो: पहिल्या भागात छत्तीस, दुसऱ्यात एकोणसाठ.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचे तरी काय? हा प्रश्न स्टीफन्सला ओव्यांत घालावासा वाटला, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. पोथ्या हिरावून घेणाऱ्यांतला एक असूनही त्या हिरावल्याने काय रिकामे झाले, हे त्याने ओळखले. उत्तर त्याच साच्यात दिले: ओवीचा छंद, पुराणाची मांडणी, स्वर्गाला वैकुंठ. या साच्याचा अभ्यासही जप्त पोथ्यांवरूनच झाला होता. जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-भारतकथा पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात आजही आहेत. केळशीच्या कृष्णदास शामाची कृष्णकथाही त्याच संचातून हाती आली. जाळणाऱ्यांनीच नक्कल करून ठेवले, हा इतिहासाचा चावटपणाच म्हणायचा.

ओव्यांतली मराठीची थोरवी सांगणारा भाग पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. माझ्या मते त्याच्यामुळे बाकीच्या ग्रंथाचे नुकसान झाले. तेवढ्या दोन-चार ओव्या पाठ करून लोक पुस्तक मिटतात. एकनाथ १५९९ मध्ये गेले, तुकोबांचा जन्म १६०८ चा. या दोघांच्या मधल्या काळात एक परका माणूस ओवीत एवढी मोठी कथा सलग रचतो, हे त्या स्तुतीपेक्षा नवलाचे आहे.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या, पण तीनही छापांची एकही प्रत आज हाती नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. पुराण टिकले ते गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणांनी १९०७ मध्ये मंगळुरात ते छापले. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे पुढे जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने उजेडात आणले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यातून १९५६ मध्ये आली; मराठी वाचकाला हे पुराण आपल्या लिपीत वाचायला मिळायला ३४० वर्षे लागली.

आणखी एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरला छापले गेले: पोर्तुगिजात लिहिलेले कोकणीचे व्याकरण. त्यामुळे गोव्यात मराठी-कोकणीचा वाद पेटला की दोन्ही पक्ष स्टीफन्सला साक्षीला बोलावतात. मराठीवाले पुराण उघडतात, कोकणीवाले व्याकरण. पर्वरीच्या कोकणी संशोधन केंद्राला त्याचेच नाव आहे. आम्हा रेडीकरांना हा वाद जरा अवघड जातो. घरात मालवणी, शाळेत आणि देवळातल्या पोथीत मराठी, आणि तेरेखोलला गेले की कोकणी. स्टीफन्सनेही बोलायला एक आणि लिहायला दुसरी अशीच वाटणी केली होती, आणि त्याबद्दल त्याने कुणाची परवानगी मागितली नव्हती.