ट्रॉलीच्या हुकाचे बोल्ट वेळींच बदला

उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला कीं आपण ट्रॅक्टरचें तेल बदलतों, टायर पाहतों. परंतु ज्या हुकानें ट्रॉली ओढली जाते त्याचे बोल्ट मात्र कोणी पाहत नाहीं. गत हंगामांत आमच्या गांवच्या चढावर एक भरलेली ट्रॉली हूक निसटून मागें घरंगळली. मागें कोणी नव्हतें म्हणून प्राणहानि टळली. पाहतां, चार बोल्टांपैकीं दोन आधींच तुटलेले व उरलेले दोन मऊ लोखंडाचे निघाले. सबब चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

घट्ट आवळलेला बोल्ट किंचित् ताणला जाऊन दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबून धरतो. ओढ मुख्यतः त्या दाबानें पेलली जाते. बोल्ट सैल झाला कीं पट्ट्या हालतात, भोंक लांबट होतें, व प्रत्येक धक्क्यास घाव सोसून बोल्ट अखेर कापला जातो.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आंकडा असतो. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरास सुमारें ८०० न्यूटन ताणास तुटणारा, व त्याच्या शेंकडा ८० पर्यंत कायमचा न वाढणारा. बनविणाऱ्यानें जो आंकडा व जी जाडी सांगितली असेल, तीच घ्यावी. बिनआंकड्याचा बोल्ट घेऊं नये.

बदलतांना ट्रॉली रिकामी करून सपाट जागीं उभी करावी. चाकांस दोन्ही बाजूंनीं दगडांची उटी लावावी, दांडीखालीं भक्कम टेकू द्यावा, मगच ट्रॅक्टर सोडवावा. जुने बोल्ट काढून गंज तारेच्या ब्रशनें घासावा. पट्टीस चीर अगर भोंक लांबट दिसल्यास पट्टीच बदलावी. बोल्टाचा बिनआट्यांचा भाग दोन पट्ट्यांच्या सांध्यावर यावा, व नटाबाहेर दोनतीन आटे दिसावे. नायलॉनचे नट पुन्हा वापरूं नयेत. बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळावे. १६ मिलिमीटर जाडीच्या ८.८ बोल्टास सुमारें २०० न्यूटन-मीटर जोर लागतो. तो मापाच्या पान्यानें द्यावा. पहिल्या खेपेनंतर पुन्हा तपासावें.

बोल्टास वेल्डिंग करूं नये. उष्णतेनें त्याचें पाणी उतरतें. पिनेच्या जागीं सळईचा तुकडा घालूं नये, पिनेस क्लिप लावावी, व दांडीखालून सुरक्षेची साखळी अवश्य बांधावी.

नव्या बोल्टांचा खर्च एका खेपेच्या भाड्याहूनही थोडा. ट्रॉलीमागून चालणाऱ्याच्या जिवाची किंमत मात्र कोणत्याच हिशेबांत बसत नाहीं. हंगामापूर्वीं प्रत्येक बांधवानें अर्धा दिवस या कामीं द्यावा, अशी आमची विनंति आहे.