जुन्या लॅपटॉपमध्ये अजून राम आहे का?

मुलगी कॉलेजात गेली, की घरात नव्या लॅपटॉपची मागणी सुरू होते. जुना सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो, की तेवढ्यात चहा उकळून गाळूनही होतो. वडील म्हणतात, 'दुरुस्त करून घेऊ.' दुकानदार म्हणतो, 'साहेब, यात आता राम उरला नाही, नवीनच घ्या.' त्याला नवीन विकायचा असतो, हे विसरू नये.

या संथपणाचे मूळ पुष्कळदा हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या आत तबकडी फिरते आणि बारीकसा हात तिच्यावर सरकत माहिती शोधतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. डिस्कच्या जागी ती बसवली आणि रॅम ४ जीबीची ८ केली, की तोच लॅपटॉप पळू लागतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. तेव्हा सामान घेण्यापूर्वी मॉडेल तपासून घ्यावे. बॅटरी फुगली असेल, तर ती आधी बदलावी; तोवर चार्जिंगला लावूच नये.

पण खरी मेख वेगळीच आहे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. ज्या यंत्रावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, तिथे याकडे डोळेझाक करून चालणार नाही. टायपिंग आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर मोफत मिळणारी लिनक्स उत्तम. टॅली किंवा ऑटोकॅड शिकायचे असेल, तर विंडोज हवीच. मग प्रोसेसर जुना असल्यास नवा लॅपटॉप घेतलेलाच बरा. बिजागरी तुटली आहे, स्क्रीनवर रेघा आहेत, मदरबोर्डही कुरकुरतो आहे, अशा यंत्रावर पैसे घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

दुरुस्ती ठरली, तर फोटो आणि कागदपत्रांची आधी दुसरीकडे प्रत काढावी. काढलेली जुनी डिस्क दुकानातच सोडून येऊ नये. घरातल्या लग्नाचे फोटो आणि पॅन कार्डाच्या प्रती तिच्यावर तशाच असतात. चालू स्थितीत असेल, तर थोड्या पैशांत मिळणाऱ्या केसिंगमध्ये घालून ती पेन ड्राइव्हसारखी वापरता येते.