कराटेचे पट्टे : रंग आणि अर्थ



संध्याकाळी पांढरा पोशाख घालून कराटेच्या खूगला जाणारे नातवंड आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. एखाद्या दिवशी ते नवा पट्टा बांधून येते आणि सांगते, "मी आठव्या क्यूला गेलो!" आपण शाळेच्या हिशोबाने विचारतो, "मग पहिला कोण आला?" पोर हिरमुसते. म्हणून हा हिशोब एकदा समजून घेऊ.

काळ्या पट्ट्याच्या खालच्या पायऱ्यांना जपानी भाषेत 'क्यू' म्हणतात. त्या उलट्या मोजतात. बहुतेक ठिकाणी आरंभ दहाव्या किंवा नवव्या क्यूपासून होतो आणि शेवट पहिल्या क्यूवर. म्हणजे आठव्यापेक्षा सातवा वरचा. पट्ट्याचा रंग पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी असा गडद होत जातो. पण क्रम प्रत्येक शाखेत थोडा निराळा असतो. परीक्षेत तीन गोष्टी पाहतात : मूळ हालचाली म्हणजे किहोन, ठरलेल्या क्रमाची काता, आणि जोडीदाराबरोबरची कुमिते.

त्यापुढे काळा पट्टा, म्हणजे आपल्या मुलांची 'खगोरा शखोरा'. येथून 'दान' सुरू होतात आणि ते सरळ मोजतात : पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्या दानाचे नाव 'शोदान'. त्यातील 'शो' म्हणजे आरंभ. तेव्हा काळा पट्टा ही मॅट्रिक नव्हे. बाराखडी पक्की झाली, आता वाचायला बसा, एवढाच त्याचा अर्थ. तो मिळताच खूग सोडणे म्हणजे बाराखडी येताच शाळा सोडणे.

ही पद्धत मुळात ज्युदोची. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली आणि विद्यार्थ्यांना दर्जे दिले. 'दान' हा शब्द 'गो' या पटाच्या खेळात आधीपासूनच होता. कराटे ओकिनावा बेटावरचे. तेथील शाळामास्तर गिचिन फुनाकोशी ते 1922 साली टोकियोत घेऊन आले आणि 1924 साली त्यांनी आपल्या शिष्यांना कराटेतील पहिले दान दिले. कानोही शिक्षणक्षेत्रातलेच, हे वाचून आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांना बरे वाटते. मधले अनेक रंग मात्र पुढे युरोपात ज्युदोच्या वर्गांतून रुळले. पांढरा पट्टा न धुता वापरून वापरून काळा होई, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती दंतकथा.

एक व्यवहाराची गोष्ट. पट्टा देणारी साऱ्या जगाची एकच संस्था नाही. एका शाखेचा तपकिरी पट्टा दुसरीकडे तसाच मानतील असे नाही. म्हणून पट्ट्याच्या रंगापेक्षा शिकवणारा कोण, हे पाहावे. इस्राएलमध्ये 1988 च्या क्रीडा कायद्याप्रमाणे प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र असावे लागते. ते विचारायला संकोच करू नये. परीक्षेची फी किती आणि वर्षातून किती वेळा, हेही आधीच विचारावे.

आणि परीक्षेत पोर मागे राहिले, तर शेजारच्या मुलाच्या पट्ट्याचे नाव काढू नये. पुढच्या क्यूला काही महिने जास्त लागले, तरी शिकलेले कुठे जात नाही. "तुझी काता दाखव बघू," असे म्हणून खुर्ची थोडी मागे सरकवावी. लहान खोलीत त्यांना जागा लागते.