प्रवासवर्णन लिहा, मांडा आणि घरीच छापा

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून ग्वाल्हेरकडे निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ साली. आपल्या घरच्या प्रवासकथांना एवढे थांबवू नये. जुन्या फोटोंतली माणसे ओळखणारी मंडळी आहेत तोवरच त्या कागदावर उतराव्यात, असे आम्हाला वाटते.

लेखन : सगळी यात्रा न लिहिता पाच-सहा प्रसंग निवडावेत. तिकिटे, पत्रे, खर्चाची वही समोर ठेवली की तपशील आठवतात. ज्येष्ठांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यांच्याच शब्दांत लिहावे. आपल्या इंदुरी मराठीतले हिंदी-माळवी शब्द ‘सुधारू’ नयेत. तीच आपली ओळख आहे.

मांडणी : ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पृष्ठे होतात. म्हणून पृष्ठसंख्या चारच्या पटीत ठेवावी. ४० पृष्ठांना १० कागद लागतात. घडीच्या बाजूला समास जास्त सोडावा. फोटो ३०० डीपीआयला स्कॅन करावेत आणि त्याखाली नावे, गाव, साल जरूर द्यावे.

छपाई : पीडीएफ करून ‘बुकलेट’ पर्यायाने आधी एकच प्रत काढावी. जोडाक्षरे तुटली नाहीत ना, पानांचा क्रम बरोबर आहे ना, हे तपासावे. मग घडीवर दोन पिना माराव्यात.

वीस प्रतीही पुरेत. त्यातली एक मंडळाच्या ग्रंथालयासाठी अवश्य राखून ठेवा.