कुंपण घालण्याआधी

उत्तन, पाली, चौक, डोंगरी या भागात अजून अंगण असलेली घरं आहेत. त्या अंगणाला कुंपण घालायचं ठरलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्याच जागेत घालतोय, परवानगी कसली?"

मीरा-भाईंदर महानगरपालिकेला लागू असलेला 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम मात्र 'इमारत' या व्याख्येतच आवारभिंत आणि कुंपणही धरतो. वीट, लाकूड, माती, पत्रा, साहित्य कोणतंही असो. म्हणून गवंड्याला इसार देण्याआधी नगररचना विभागात नकाशा घेऊन जावं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उंचीचा. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार घराची आवारभिंत साधारणपणे 1.5 मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम खांद्याएवढी. 2.4 मीटरपर्यंत जाता येतं, पण तेव्हा वरचे 0.9 मीटर जाळीचे किंवा रेलिंगचे, आरपार दिसणारे हवेत. लोक फसतात ते मोजमापात. ही उंची अंगणातून मोजत नाहीत, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. अंगण गल्लीपेक्षा दोन फूट वर असेल, तर आतून चार फुटांची वाटणारी भिंत नियमाच्या हिशेबात सहा फुटांची होते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला नियम आणखी कडक आहे: वळणाच्या दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर. वळणारी रिक्षा आणि समोरून सायकलवर येणारं पोर एकमेकांना दिसलं पाहिजे, इतकं साधं त्यामागचं कारण. हा नियम जाचक मुळीच नाही.

पालिकेची परवानगी मिळाली म्हणजे हद्दही ठरली, असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं होत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून 'क' प्रत घ्यावी लागते. शेजाऱ्याशी वाद असेल तर हे काम आधी.

मीरा रोडचा प्रश्न वेगळा. इथे तळमजल्याचा फ्लॅटधारक खिडकीबाहेरच्या मोकळ्या जागेला रेलिंग लावून बाग करतो आणि सांगतो, "बिल्डरने जागा मला दिलीय." शेजारच्या दहिसरमधल्या पांचाळी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी ठरवलं, की मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. तो वाद पार्किंगचा होता, तरी सामाईक मोकळ्या जागेवर दावा सांगणाऱ्याने तो निकाल वाचायलाच हवा. शिवाय आग लागली तर बंब त्याच मोकळ्या जागेतून आत येणार असतो.

खाडीकाठी तर सातबारा नावावर असूनही भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालाने कांदळवनाभोवती 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आहे, आणि जमीन खासगी असली तरी ती मनाई लागू होते.